डेक्कन-प्रभात रस्ता परिसरातील जुनी सदनिका विकताना : कागद, डागडुजी, किंमत आणि कर

पुण्यातील डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, आपटे रस्ता आणि विधी महाविद्यालय रस्ता या परिसरात १९७० आणि १९८० च्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली इमारतींमधील अनेक सदनिका आता दुसऱ्या पिढीच्या हाती आल्या आहेत. आईवडील राहिले नाहीत, मुले बाणेरला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत स्थायिक झाली आणि घर कुलूपबंद आहे, अशी स्थिती असते. आत मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, गंजलेले जीआय पाइप, फ्यूजचे जुने बोर्ड आणि स्नानगृहाच्या भिंतीला आलेली ओल, असे साधारण चित्र असते. अशा वेळी बहुतेक कुटुंबांत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘आधी घर नीट करून घ्यायचे का?’ हा. माझ्या मते हा प्रश्न पहिला नाही. या भागातील जुन्या घराच्या किमतीत फरशीचा आणि रंगाचा वाटा फार थोडा असतो. किंमत असते ती पत्त्याची, इमारतीखालच्या जमिनीतील हिश्श्याची आणि निर्वेध मालकीहक्काची. म्हणून विक्रेत्याने आपला वेळ आणि पैसा आधी कागदांवर, मग पाण्याच्या गळतीवर आणि सर्वांत शेवटी घराच्या दिसण्यावर खर्च करावा. पुढील पायऱ्याही त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : मालकी नेमकी कोणाची आणि कोणत्या कायद्याखाली

पुण्यात सदनिकांची मालकी प्रामुख्याने दोन प्रकारची असते आणि पुष्कळ वारसांना आपली कोणत्या प्रकारची आहे हेच ठाऊक नसते. काही इमारतींची महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली गृहनिर्माण संस्था नोंदवलेली असते. तेथे सभासदाकडे भागपत्र, म्हणजेच शेअर सर्टिफिकेट असते. इतर अनेक इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली येतात. तेथे भागपत्र नसते, तर घोषणापत्र म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन नोंदवलेले असते आणि प्रत्येक सदनिकाधारकाच्या नावे अपार्टमेंट डीड झालेले असते, ज्यात जमिनीतील अविभक्त हिस्सा टक्केवारीत लिहिलेला असतो. ही टक्केवारी पुनर्विकासाच्या वेळी मोलाची ठरते, म्हणून विक्रीपूर्वी ती शोधून काढावी. पुष्कळ वेळा घोषणापत्र झालेले असते, परंतु मूळ खरेदीदाराने अपार्टमेंट डीड करून घेतलेलेच नसते. असे असल्यास ते आताच पूर्ण करून घेणे हिताचे, कारण सौदा ठरल्यानंतर खरेदीदाराच्या वकिलाच्या हे लक्षात आले तर विलंब होतो आणि त्या विलंबात किंमत घसरते.

गृहनिर्माण संस्था असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे कायदेशीर हस्तांतर (कन्व्हेयन्स), संस्थेच्या नावे झाले आहे का हे सचिवांकडून लेखी विचारून घ्यावे. विकसकाने ते करून दिले नसेल आणि संस्थेने मानीव अभिहस्तांतरणाची (विकसकाच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने होणाऱ्या हस्तांतराची) प्रक्रियाही केली नसेल, तर ते विक्रीला अडथळा ठरत नाही. पण पुनर्विकासाच्या आशेने येणारा खरेदीदार त्यासाठी किंमत निश्चित कमी करतो. भूखंड भाडेपट्ट्याचा असेल तर पट्ट्याची उर्वरित मुदत आणि हस्तांतराच्या अटी तपासाव्यात.

यानंतर वारसाहक्काचा विषय येतो आणि याच टप्प्यावर सर्वाधिक सौदे अडतात. वडिलांनी नामनिर्देशन केले होते, म्हणून आईच्या किंवा एका भावाच्या नावे भागपत्र झाले, म्हणजे तो मालक झाला, असा समज अजूनही घट्ट आहे. तो बरोबर नाही. नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे नोंद करणे संस्थेला बंधनकारक असले, तरी त्याने इतर वारसांचा हक्क संपत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यातही अशा व्यक्तीला, कायदेशीर वारस निश्चित होईपर्यंत, तात्पुरता सभासद असेच स्थान दिलेले आहे. म्हणून मृत्युपत्र असल्यास ते वकिलाला दाखवावे; पुण्यातील मिळकतीसाठी प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) सक्तीचे नाही, मात्र मृत्युपत्राबद्दल कोणाचा वाद असेल किंवा खरेदीदाराच्या बँकेने आग्रह धरला तर ते घ्यावे लागू शकते. मृत्युपत्र नसल्यास सर्व वारसांनी एकत्र खरेदीखतावर सही करावी, किंवा ज्यांना हिस्सा नको आहे त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. बहिणींच्या सह्या ‘नंतर घेऊ’ असे म्हणून कोणीही पुढे जाऊ नये. हा केवळ कायद्याचा मुद्दा नाही; घरातल्या माणसांमध्ये आयुष्यभराची तेढ अशा घाईतूनच निर्माण होते. वारसांपैकी कोणी अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल, तर त्याचा हिस्सा विकण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि त्याला वेळ लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी पायरी : कागदांची फाइल

फाइलमध्ये मूळ करारापासून आजपर्यंतची अखंड साखळी हवी : विकसकाबरोबरचा पहिला करार, त्यानंतरचे प्रत्येक खरेदीखत, प्रत्येकाची सूची क्रमांक २ म्हणजे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश), भागपत्र किंवा अपार्टमेंट डीड, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवटा पत्र, नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका, मिळकतकराची पावती, महावितरणचे देयक आणि संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला. जुन्या करारांबाबत एक बाब विशेष सांगितली पाहिजे. १० डिसेंबर १९८५ पूर्वीचे सदनिकांचे करार त्या काळच्या नियमांप्रमाणे अत्यल्प मुद्रांकावर झालेले आहेत आणि त्यांपैकी काही नोंदवलेलेही नाहीत. असा कागद पाहून नवखा खरेदीदार घाबरतो. अनुभवी वकिलाकडून मालमत्तेच्या हक्काचा शोध अहवाल, म्हणजे सर्च रिपोर्ट, आधीच करून ठेवला आणि त्यात या कराराबद्दलचे मत लिहून घेतले, तर ही भीती पहिल्याच भेटीत दूर करता येते. शोध साधारण ३० वर्षांचा घेतात. त्याचा खर्च विक्रेत्याने करण्याची प्रथा नाही, तरीही तो करावा असे मी आग्रहाने सांगेन.

मूळ करार हरवला असेल, तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद, वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, अशी वाट आहे. घरावर पूर्वी कर्ज घेतले असेल तर बँकेचे कर्जफेडीचे पत्र आणि बोजा कमी झाल्याची नोंद पाहावी. कित्येक वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा मिळकत पत्रिकेवर तसाच राहिलेला आढळतो.

मंजूर नकाशा हातात घेऊन घरातून एकदा फिरावे. गच्चीचा भाग आत घेतलेला, बाल्कनी बंद करून खोली केलेली, स्वयंपाकघराची जागा बदललेली, पार्किंगच्या जागेत खोली काढलेली असे बदल जुन्या घरांत सर्रास असतात. नकाशात नसलेला बदल लपवू नये. खरेदीदाराला कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकार तोच नकाशा घेऊन येतो आणि फरक त्याच्या अहवालात येतोच. बदल नियमित करता येण्याजोगा आहे का, हे वास्तुविशारदाकडून समजून घ्यावे. नसेल तर विक्रीच्या करारात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा.

तिसरी पायरी : घराची खरी अवस्था मोजणे

आता घराकडे वळता येईल. परवानाधारक संरचना अभियंत्याला, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला, एकदा घर दाखवावे आणि दोन पानांचा लेखी अभिप्राय घ्यावा. त्याला मुख्यतः तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, इमारत आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) सांगाड्याची आहे की भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींची. कारण जुन्या तीन मजली इमारतींत दुसरा प्रकारही आढळतो आणि तेथे मधली भिंत पाडून दिवाणखाना मोठा करता येत नाही. नूतनीकरण करण्याच्या इराद्याने घर घेणाऱ्या माणसाला सर्वांत आधी हेच जाणून घ्यायचे असते; नकाशाच्या प्रतीवर कोणत्या भिंती हलवता येतील आणि कोणत्या नाहीत हे रंगाने दाखवून घेतले, तर त्या एका कागदाने सौदा पुष्कळ पुढे सरकतो. दुसरी, स्लॅबच्या खालच्या बाजूला सळया उघड्या पडल्या आहेत का, प्लास्टरचे पोपडे सुटले आहेत का आणि ते नुसते वरवरचे आहे की लोखंड गंजल्याचे लक्षण आहे. तिसरी, ओल कोठून येते.

ओलीच्या बाबतीत जबाबदारी कोणाची हे ठरवणे महत्त्वाचे आहे. संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि सामाईक पाइपांची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. वरच्या सदनिकेच्या स्नानगृहातून किंवा मोरीतून येणारी गळती त्या सदनिकाधारकाने थांबवायची असते. आपल्या स्नानगृहातून खालच्या घरात पाणी जात असेल तर ते काम विक्रीपूर्वी आपणच करावे, कारण खालचा शेजारी हा खरेदीदाराला भेटणारा पहिला माणूस असण्याची शक्यता असते. गच्चीची गळती असेल तर संस्थेला लेखी पत्र देऊन काम कधी होणार याचे उत्तर मिळवावे. आणि ओलीच्या डागावर नुसता रंग मारून घर दाखवू नये. पुण्याच्या पहिल्याच पावसात तो डाग पुन्हा उमटतो; तोपर्यंत विसार झालेला असेल तर वादाचे कारण आपणच दिलेले असते.

संस्थेकडून संरचनात्मक लेखापरीक्षणाचा अहवालही मागावा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी असे परीक्षण व्हावयास हवे. प्रत्यक्षात ते झालेले नसते. झाले असेल आणि अहवाल चांगला असेल, तर तो आपल्या घराच्या किमतीचा भक्कम आधार आहे.

चौथी पायरी : दुरुस्ती किती करावी

येथे हिशेब मांडणेच योग्य. समजा, आपल्याच गल्लीतील सारख्या क्षेत्रफळाची, नूतनीकरण केलेली सदनिका २ कोटी १० लाखांना गेली आणि आपल्या घराच्या संपूर्ण नूतनीकरणाचे अंदाजपत्रक २५ लाख आहे. खरेदीदार २ कोटी १० लाखांतून केवळ २५ लाख वजा करत नाही. काम चालू असताना द्यावे लागणारे दुसरीकडचे भाडे, अंदाजपत्रक वाढण्याचा धोका आणि स्वतःची दगदग धरून तो ३० ते ३५ लाख कमी देऊ पाहतो. म्हणजे नूतनीकरण करून आपल्याला कागदावर ५ ते १० लाख जास्त मिळू शकतात. त्यासमोर कामाचे चार-सहा महिने, देखरेख, संस्थेची परवानगी, गुंतून पडलेले २५ लाख आणि खरेदीदाराला आपली निवड न आवडण्याची शक्यता ठेवून पाहावी. या परिसरात घर घेणारे कुटुंब साधारणपणे स्वतःचा वास्तुरचनाकार घेऊनच येते आणि आपण बसवलेल्या नव्या टाइल्स ते काढून टाकते. म्हणून विक्रेता स्वतः पुण्यात राहत नसेल, तर संपूर्ण नूतनीकरणाच्या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ काहीच करू नये असा नाही. गळती थांबवणे, विजेच्या उघड्या तारा बंद करून आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवणे, तुटलेल्या काचा आणि अडकणाऱ्या खिडक्या दुरुस्त करणे, नळ व फ्लश चालू करणे, वाळवी लागलेले सामान काढून उपचार करून घेणे आणि एकाच फिक्या रंगाचा हात देणे, एवढे करावे. मोझॅकची फरशी शाबूत असेल तर ती बदलू नये. घासून पॉलिश करून घ्यावी, कारण आज अनेक खरेदीदार ती मुद्दाम राखतात. सागवानी दरवाजे आणि चौकटींबद्दलही हेच.

घर रिकामे करणे ही खरी मोठी कामगिरी आहे. आईचे पितळी डबे, वडिलांची पुस्तके, माळ्यावरच्या वळकट्या यांतून निवड करायला भावंडांनी एकत्र बसावे आणि घर दाखवायला सुरुवात होण्यापूर्वीच ते संपवावे. रिकाम्या घरात उंची, उजेड आणि वारा दिसतो. जुन्या पुणेरी इमारतींकडे हे तिन्ही गुण नव्या उंच इमारतींपेक्षा पुष्कळदा अधिक असतात. छायाचित्रे सकाळच्या उजेडात, खिडक्या उघड्या ठेवून घ्यावीत आणि खराब स्नानगृहाचेही छायाचित्र द्यावे, म्हणजे येणारा माणूस तयारीने येतो.

पाचवी पायरी : पुनर्विकासाच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर

या परिसरात घर पाहायला आलेला प्रत्येक जण दहाव्या मिनिटाला ‘इमारत पुनर्विकासाला जाणार का?’ असे विचारतो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईबाहेरील बहुतांश राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाल्यानंतर जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला मोठा वेग आला आहे. सहकारी संस्थांसाठी सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ चे निर्देश प्रक्रियेचे टप्पे सांगतात. विक्रेत्याने आपल्या संस्थेने यांपैकी कोणता टप्पा गाठला आहे, ते सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तांच्या प्रतींसह दाखवावे. नुसती चर्चा झाली असेल तर चर्चा झाली असेच सांगावे. वास्तुविशारद नेमला असेल, निविदा मागवल्या असतील, तर तसे कागद द्यावेत. नदीकडच्या गल्ल्यांतील इमारतींसाठी निळ्या आणि लाल पूररेषेची (पुराचे पाणी कोठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या रेषांची) स्थिती विकास आराखड्यावर पाहून घ्यावी, कारण तिचा परिणाम पुढील बांधकामावर होतो.

विक्रेत्यापुढेही हाच प्रश्न असतो : आता विकावे की पुनर्विकासानंतर? विकसकाबरोबर करार झाला असेल आणि बांधकाम परवानगी हाती असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. केवळ सभांमध्ये मतभेद चालू असतील, तर मात्र त्या आशेवर घर वर्षानुवर्षे बंद ठेवण्यापेक्षा आज मिळणारी रास्त किंमत घेणे शहाणपणाचे, विशेषतः वारसांपैकी कोणाला पैशांची खरी गरज असेल तेव्हा.

सहावी पायरी : किंमत

किंमत ठरवताना संकेतस्थळांवरील जाहिरातींचे आकडे बाजूला ठेवावेत. ते मागणीचे आकडे असतात, व्यवहाराचे नव्हेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधेतून आपल्याच इमारतीतील आणि शेजारच्या दोन-तीन गल्ल्यांतील गेल्या वर्ष-दीड वर्षातील सूची क्रमांक २ काढाव्यात. त्यांत प्रत्यक्ष मोबदला, क्षेत्रफळ आणि तारीख मिळते. क्षेत्रफळाची तुलना काळजीपूर्वक करावी, कारण जुन्या करारांत बिल्ट-अप (भिंतींसह) क्षेत्र लिहिलेले असते आणि नव्या करारांत कार्पेट (आतील वापराचे). आपल्या घराचे कार्पेट क्षेत्र वास्तुविशारदाकडून मोजून घ्यावे व सर्व दर त्यावरच काढावेत. मग मजला, लिफ्ट आहे की नाही, पार्किंग बंदिस्त आहे की उघडे आणि ते कागदावर नेमून दिलेले आहे का, मेट्रो किती जवळ आहे, यांनुसार कमी-अधिक करावे. डेक्कन जिमखाना स्थानक १ ऑगस्ट २०२३ पासून सुरू झाले आहे आणि गरवारे महाविद्यालय व नळ स्टॉप ही स्थानकेही जवळ असल्याने लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरील घरालाही आता तरुण खरेदीदार मिळू लागले आहेत.

वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याप्रमाणे, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, येणारे मूल्यही काढावे. त्यात इमारतीच्या वयानुसार घसारा मिळतो. म्हणून वय सिद्ध करणारा पूर्णत्वाचा दाखला किंवा मिळकतकराच्या पहिल्या आकारणीचा कागद जवळ असावा. ठरलेली किंमत या तक्त्याप्रमाणे येणाऱ्या मुद्रांक मूल्यापेक्षा कमी असेल आणि मुद्रांक मूल्य किमतीच्या ११० टक्क्यांपलीकडे जात असेल, तर आयकरासाठी मुद्रांक मूल्यच विक्रीची किंमत धरले जाते आणि खरेदीदारावरही फरकाचा कर येऊ शकतो.

सांगण्याची किंमत आणि स्वीकारण्याची किंमत यांतील अंतर थोडे ठेवावे. अवाच्या सवा किंमत सांगून सहा महिने पडून राहिलेल्या घराबद्दल परिसरात ‘काहीतरी भानगड असेल’ अशी कुजबुज सुरू होते, आणि ती थांबवणे फार कठीण असते.

सातवी पायरी : दलाल, खरेदीदार आणि भेटी

दलाल एकच नेमावा आणि तो त्याच परिसरात काम करणारा असावा. महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी असलेल्या एजंटला प्राधान्य द्यावे. दलाली किती, ती कधी द्यायची, त्यावर जीएसटी आहे का, तसेच आपणच शोधलेला खरेदीदार आला तर काय, हे लेखी ठरवावे. इमारतीतील सभासदांना मात्र आधी स्वतः सांगावे; शेजाऱ्याच्या मुलाला किंवा भाच्याला त्याच इमारतीत घर हवे असते आणि असे सौदे सर्वांत सुरळीत पार पडतात.

डागडुजीचे घर घेणाऱ्याला संस्थेचे नूतनीकरणाबाबतचे नियम हवे असतात : कामाच्या वेळा, अनामत रक्कम, राडारोड्याची व्यवस्था. महावितरणचा मंजूर वीजभार वातानुकूलनासाठी पुरेसा आहे का, पाण्याची स्वतंत्र टाकी आहे का, पाइपगॅस आला आहे का, याची उत्तरे एका पानावर छापून ठेवावीत. अभियंत्याचा अभिप्राय, मोजलेले क्षेत्र आणि कंत्राटदाराचे एक अंदाजपत्रक त्याला जोडावे. अंदाजपत्रक आपण दिले की घासाघीस त्या आकड्याभोवती होते. नाही दिले तर खरेदीदार मनातला मोठा आकडा धरून बसतो.

आठवी पायरी : विसारापासून खरेदीखतापर्यंत

किंमत ठरली की विसार चेकने किंवा बँक हस्तांतरणानेच घ्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा असतो. विसार पावतीत सौदा मोडल्यास काय होईल, कर्ज नाकारले गेल्यास विसार परत द्यायचा का आणि घर ‘आहे त्या स्थितीत’ विकले जात आहे, हे स्पष्ट लिहावे. ज्ञात दोषांची यादी जोडून खरेदीदाराची त्यावर सही घ्यावी.

त्यानंतर खरेदीदाराचा वकील स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देतो, साठेखत (विक्रीचा करार) होते आणि कर्ज मंजूर झाल्यावर खरेदीखत. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के आहे, खरेदीदार केवळ महिला असेल तर १ टक्का सवलत मिळते आणि नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. हा खर्च खरेदीदाराचा असतो. ताबा देण्याची अट असलेल्या साठेखतावरच पूर्ण शुल्क भरण्याची रीत आहे. पुढे खरेदीखतावर नाममात्र शुल्क लागते. दस्तावर सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत तो नोंदणीस सादर करावा लागतो. संपूर्ण मोबदला मिळेपर्यंत ताबा देऊ नये. ‘रंगकामाला सुरुवात करू द्या, उरलेले पैसे कर्जातून येतीलच’ ही विनंती कितीही सज्जन माणसाने केली तरी नम्रपणे नाकारावी. अर्धवट फोडलेले घर आणि नामंजूर झालेले कर्ज यांतून बाहेर पडण्याचा सोपा मार्ग नसतो.

सहकारी संस्थेत हस्तांतराचा इरादा कळवणारी १५ दिवसांची सूचना द्यावी लागते. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य (सदनिका दुसऱ्याच्या नावे करताना संस्था घेते ती रक्कम) २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘विकास निधी’ अशा नावाने अधिक रक्कम मागितली गेल्यास नियमाचा आधार लेखी मागावा.

नववी पायरी : भांडवली नफ्यावरील कर

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकीचे असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो आणि वारशाने आलेल्या घरात आईवडिलांचा मालकीकाळही धरला जातो. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी मूळ किमतीऐवजी त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य घेता येते, मात्र ते त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त असू नये. यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा.

२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर कराचा दर १२.५ टक्के आहे आणि त्यात महागाई निर्देशांकाचा, म्हणजे जुनी किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरण्याचा, लाभ नाही. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराबाबत भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्के हा जुना हिशेब करून, जो कर कमी येईल तो भरता येतो. २००१-०२ चा निर्देशांक १०० धरून २०२५-२६ चा ३७६ आहे; उदाहरणापुरता तोच घेऊ. विक्रीची किंमत १ कोटी ८० लाख आणि २००१ चे मूल्य २० लाख असेल, तर नव्या पद्धतीने १ कोटी ६० लाखांवर २० लाख कर येतो. जुन्या पद्धतीने २००१ चे मूल्य ७५ लाख २० हजार होते, नफा १ कोटी ४ लाख ८० हजार आणि कर २० लाख ९६ हजार. २००१ चे मूल्य ३० लाख निघाले, तर मात्र नव्या पद्धतीने १८ लाख ७५ हजार आणि जुन्या पद्धतीने १३ लाख ४४ हजार. अधिभार आणि उपकर यांत धरलेले नाहीत. ढोबळमानाने, विक्रीची किंमत २००१ च्या मूल्याच्या सुमारे ८.४ पटींपेक्षा जास्त असेल तर नवा दर फायद्याचा. मूल्यांकनाच्या अहवालाचे महत्त्व या एका उदाहरणावरून ध्यानात यावे. २००१ नंतर घरात केलेल्या भांडवली सुधारणांचा खर्चही पावत्या असल्यास वजा होतो. नुसत्या डागडुजीचा नाही.

नफ्याची रक्कम दुसऱ्या घरात गुंतवल्यास करमाफी मिळते : विक्रीच्या १ वर्ष आधी किंवा २ वर्षांनंतरपर्यंत खरेदी, अथवा ३ वर्षांत बांधकाम, कमाल १० कोटी रुपयांपर्यंत. ६ महिन्यांच्या आत ५ वर्षांच्या विशेष रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवणुकीचाही पर्याय आहे. घर लगेच ठरत नसेल तर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी रक्कम भांडवली लाभ खाते योजनेत ठेवावी. वारस अनेक असतील तर प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचा हिशेब आणि सवलत स्वतंत्रपणे घ्यावी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. सनदी लेखापालाशी बोलताना जुन्या क्रमांकांवर विसंबू नये.

एकूण मोबदला ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदार १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आगाऊ भरला जाणारा कर) कापतो. विक्रेता अनिवासी असेल तर चित्र पूर्ण बदलते, आणि या परिसरातील कितीतरी घरांचा एक तरी मालक परदेशात असतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत कपात १२.५ टक्के अधिक अधिभार व उपकर या दराने होते, आणि आयकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नाही तर खरेदीदार ती संपूर्ण किमतीवर करतो. हे प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागतो, म्हणून किंमत ठरताच अर्ज करावा. स्वतः येणे शक्य नसल्यास जवळच्या नातेवाइकाच्या नावे विशिष्ट कामापुरते कुलमुखत्यारपत्र करावे. ते परदेशातील भारतीय वकिलातीतून किंवा अपोस्टिलने (कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राने) साक्षांकित करून भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे. विक्रीची रक्कम एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाच्या भारतातील रुपया खात्यातून) वर्षाला १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत, कर भरल्याच्या दाखल्यांसह, परदेशी नेता येते.

ताबा देताना

शेवटचा धनादेश वटल्यावरच किल्ल्या द्याव्यात आणि ताबा पावतीवर वीज व गॅस मीटरचे आकडे, संस्थेच्या देखभाल शुल्काची भरलेली तारीख आणि घरात राहू दिलेल्या वस्तूंची नोंद करावी. महावितरण, पाइपगॅस आणि मिळकतकर या तिन्ही ठिकाणी नावबदलाच्या अर्जांवर त्याच दिवशी सह्या करून द्याव्यात. पुणे महापालिकेची स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी ४० टक्के सवलत नव्या मालकाने नव्याने अर्ज करून घ्यावी लागते, हे त्याला सांगावे. मूळ कागद देण्यापूर्वी संपूर्ण फाइलच्या स्कॅन प्रती आणि विशेषतः २००१ चा मूल्यांकन अहवाल, सुधारणांच्या पावत्या, टीडीएसचा दाखला व नोंदणीकृत खरेदीखताची सूची क्रमांक २ प्रत्येक वारसाकडे एकेक संच पोहोचवाव्यात. आयकर खात्याची विचारणा विक्रीनंतर काही वर्षांनीही येऊ शकते.